पळणीला आलेलं पाणी

वयनीचा फोन आला की मी आधी खुर्ची ओढून बसते. वयनी म्हणजे माझी मोठी जाऊ. मोठे दीर गेल्यापासून गावच्या घरात एकटीच राहते. एक गाय, दोन मांजरं आणि व्हाळाकाठचा, म्हणजे ओढ्याकाठचा, शेताचा एक तुकडा एवढा तिचा संसार. मुलगा विरारला असतो. 'कशी आहेस, काय चाललंय' असल्या चौकशीत ती वेळ घालवत नाही. आज सकाळीही नाही घालवला.

"गो सुमन, कौल झालो. पळण आसा. येतलंस मां?"

"येतंय तर!" मी म्हटलं. पुढे विचारणार होते, पण तेवढ्यात तिची रेंज गेली. आमच्या गावात रेंज फक्त पडवीच्या उजव्या कोपऱ्यात येते, आणि वयनी बोलता बोलता गाईकडे वळली की संपलं. मी फोन हातात घेऊन तशीच बसून राहिले. बाहेर सावंतवाडीचा तलाव धुक्याखाली होता, काठावरचे सकाळचे फिरणारे लोक कानटोप्या घालून चालले होते. मार्गशीर्षातली ही थंडी फार तर दहा वाजेपर्यंत टिकते, मग ऊन निघतं आणि वाळलेल्या गवताचा वास येऊ लागतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून सकाळची मला कुठली घाई नसते. त्यामुळे मागची पळण मला सावकाश, चहा थंड होईपर्यंत आठवता आली.

पळण म्हणजे गावपळण. आमच्या भागातल्या मोजक्या गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात. पाषाणावर पाण्याने चिकटवलेली पाकळी ज्या बाजूची आधी पडेल त्यावरून देवाचा होकार की नकार ते ठरतं. होकार आला की सगळा गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तिथेच माटव, म्हणजे मांडव, घालून राहतो. माणसं जातात, ढोरं जातात, कोंबड्या टोपल्यांखाली घालून नेतात, कुत्री आपणहून वांगडा, म्हणजे सोबत, येतात. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. का, असं विचारलं तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. कुणी म्हणतं भुताखेतांना गाव मोकळा करून द्यायचा असतो, कुणी म्हणतं रोगराई जाते, आणि शिकलेली पोरं हवापालटाचं काहीतरी सांगतात. मला विचाराल तर माणसाच्या कटकटीतून गावाला जरा सुट्टी मिळते, एवढं पुरे आहे. पोस्टात नोकरी केलेल्या बाईला सुट्टीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

माझी पहिली पळण लग्नानंतरची. आमच्या वाडीची पळणीची जागा ठरलेली, नदीच्या पलीकडच्या काठावर. नदीच्या मधोमध एक सपाट कातळ आहे, तीच आमची वेस. तेव्हा त्या काठावर वाळू होती. केवढी वाळू! पायाला ऊन ऊन लागायची, सांजेला गार व्हायची. पाण्यासाठी कुणी कुठे जायचं नाही. वाळूत हाताने हातभर खड्डा करायचा, त्याला डुरा म्हणतात, आणि वाट बघायची. पहिलं पाणी गढूळ यायचं, ते उपसून टाकायचं, मग दुसरं यायचं ते गोड आणि इतकं स्वच्छ की तळाचा एकेक दाणा दिसावा. नवी नवरी म्हणून मला कुणी काम सांगत नव्हतं, तर मी दिवसभर डुरे खणत बसले होते. वयनी हसून म्हणाली होती, "खारेपाटणच्या चेडवाक वाळू काय ठावकच नाय जणू!"

खरंच नव्हती ठाऊक. माझं माहेर खारेपाटणचं. लहानपणी वडीलधारी माणसं नदीकाठी नेऊन सांगायची, इथपर्यंत गलबतं यायची, इथे माल उतरायचा. मी डोळे फाडून बघायचे, आणि मला दिसायचा गाळ अन् त्यात डुंबणाऱ्या म्हशी. वरचे डोंगर उघडे पडले आणि त्यांची माती बंदरात येऊन बसली, हे मोठेपणी कळलं. म्हणून सासरची ती वाहती, वाळूवाली नदी बघून मला कोण आनंद झाला होता. पाण्यात पाय सोडून बसलं की खवळे नावाचे मासे येऊन बोटांना लुचायचे. मी ओरडायचे, सगळ्या हसायच्या.

मागच्या पळणीला, म्हणजे काही वर्षांपूर्वी, त्याच काठावर उतरलो तर पायाखाली दगडगोटे आणि चिखल. वाळू गेली होती. ती काही एका रात्रीत कुणी चोरली नाही. रस्ते रुंद झाले, बंगले उठले, वाळू काढायला खाडीत होड्या लागल्या, मग यंत्रं लागली. गावातल्या पोरांनाच त्या होड्यांवर रोजगार होता, आणि त्या रोजगाराने गावात मोटारसायकली आल्या. आज गावात जेवढे स्लॅब आहेत त्या प्रत्येकात ही नदी थोडी थोडी आहे, आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांतसुद्धा. कुणाला दोष द्यायचा म्हटलं तर बोट फिरून फिरून आपल्याच घराकडे येतं. वाळू गेली तशी नदी खोल झाली, आणि भरतीचं खारं पाणी जे खालच्या वळणावरून परत फिरायचं ते वर चढू लागलं. काठच्या विहिरी मचूळ झाल्या. तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, ज्या चिखलवाळूत मिळायच्या तिथे आता नुसता चिखल. पर्यटकांच्या ताटात मात्र तिसऱ्या हव्याच असतात, त्यामुळे तोंडवलीच्या बाजूला त्या आता दुसरीकडून आणून वाढतात, असं ऐकते.

आणि वरचा डोंगर. त्याचा सातबारा बघितलात तर मुलांच्या हजेरीपटासारखा, नावांमागून नावं. अर्धी नावं मुंबईत, काही वारलेली. वाटण्या होणार कधी आणि कसणार कोण? बाहेरचा एक माणूस आला, त्याने सगळी नावं शोधून काढली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्यातल्या कित्येकांनी तो डोंगर पाहिलाही नव्हता. मग जेसीबी आला, ऐन, किंजळ, बेहडे आडवे झाले आणि सगळीकडे एकसारखी काजूची कलमं लागली. काजूशी माझं वैर नाही, गर मिळाले तर मी ताटभर उसळ खाते. पण त्या डोंगरातून एक व्हाळ यायचा, तो त्यानंतर शिमग्याआधीच आटू लागला, मग पौषात, आणि आता तो पावसाळ्यापुरता उरलाय. सावंतवाडीत लाकडी खेळणी करणारे आमच्या शेजारी राहतात. पूर्वी त्यांच्या अंगणात पांगाऱ्याचे ओंडके रचलेले असायचे. आता पांगारा मिळता मिळत नाही, असं तेही म्हणतात. सगळीकडून थोडं थोडं जात असतं, आणि ज्याचं जातं तो आपल्यापुरतं हळहळतो.

दुसरा व्हाळ तेवढा राहिला होता, आणि तो वयनीचा. म्हणजे तिच्या मालकीचा नव्हे. तो राईतून येतो. आमच्या बाजूच्या काठावर देवाची राई आहे. आत चिऱ्याच्या चौथऱ्यावर नळ्यांच्या, म्हणजे मातीच्या कौलांच्या, छपराखाली देव बसलेला. भोवती जुने आंबे, सातवीण, जंगली जायफळं, आणि त्यांच्या मुळांतून बारा महिने पाझरणारं पाणी. राईतली काडीसुद्धा घरी न्यायची नाही हा दंडक, म्हणून ती राहिली. तिथून व्हाळ खाली येतो, वयनीच्या शेताला पाणी देतो आणि काठावरून नदीत पडतो. त्या पाण्यावर वयनी वायंगण करते, म्हणजे पावसाळी भात कापून झाल्यावर व्हाळाला मातीचा बांध घालून घेतलेलं दुसरं भात. पूर्वी अख्खी वाडी मिळून बांध घालायची. बांधाच्या दिवशी गूळखोबरं वाटायची. मग पुरुष मुंबईला गेले, शेतं पडीक पडली, आणि त्यात येणारे बगळे, बेडूक, मुठे खेकडे आपापल्या वाटेने गेले. शेवटी वायंगण करणारी वाडीत एकटी वयनी उरली.

मागच्या पळणीच्या आधी गणपतीत गावची सभा झाली. मुंबई मंडळाचा अध्यक्ष मनोहर, आमचा चुलत दीर, नुकताच निवृत्त होऊन उत्साहाने नुसता भरलेला. शेजारच्या गावाने देवळाला शिखर बांधलं होतं, ते त्याच्या डोळ्यांत खुपत होतं.

"तेंचो देव बघा, कसो बसलोहा! आणि आमचो अजून नळ्यांखाली!" मनोहर म्हणाला. बेत असा की राईतली मोठी झाडं ठेकेदाराला द्यायची आणि त्यातून देवळाचा स्लॅब आणि शिखर उभं करायचं. देवाचीच झाडं, देवाच्याच कामाला. दंडक त्याने मोडला नाहीच, नुसता वळसा घातला. सभेत कुणाला ते फारसं पटलं नव्हतं, चेहऱ्यांवर दिसत होतं. पण देवळाच्या कामाला नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी माना डोलावल्या.

वयनी तेवढी उठली. "भावजीनु, देवान सांगल्यान तुमका, माका स्लॅब होयो म्हणान?"

"वयनी, तुमका त्यातला काय कळाचा नाय," मनोहर म्हणाला आणि पुढच्या विषयाकडे वळला.

घरी येऊन ती परसात बसली, हातात विळा, पण गवत कापत नव्हती. "राय गेली की व्हाळ गेलो," ती म्हणाली. "व्हाळ गेलो की वायंगण गेला. मगे मी हंय रवान काय करू? जातंय झिलाकडे विरारक." वयनी रडणारी बाई नाही. तिने ते असं सांगितलं जणू बाजाराला जायचंय. मला मात्र रात्रभर वाईट वाटत राहिलं, कारण वयनीशिवाय ते घर म्हणजे एक कुलूप होतं, आणि गाव म्हणजे मग मला काय उरणार होतं?

झाडं तुटायची होती ती पळण आटोपल्यावर. पळणीच्या आधी गावात असलं काही काम काढत नाहीत.

पळणीच्या दिवशी दुपारी निघायची वेळ झाली. सगळा गाव बोचकी बांधत होता आणि वयनी कुदळ घेऊन शेताकडे निघाली. मी मागोमाग. तरव्याने, म्हणजे भाताच्या रोपांनी, नुकतं डोकं वर काढलेलं, हिरवं म्हणजे इतकं कोवळं की हात लावायची भीती वाटावी. बांधाशी जाऊन तिने कुदळ मारली. एकदा, दोनदा, आणि पाणी शेताची वाट सोडून भसाभसा नदीकडे पळालं.

"ह्या काय करतंस?" मी ओरडले.

"बांधाक राखण नको? हयसर कोण नसताना तो फुटलो तर तरव्यासकट शेत व्हावान जाताला," ती म्हणाली. "कोरडो तरवो तग धरता. व्हावलेलो परत येणा नाय." एवढं बोलून तिने कुदळ झुडपात ठेवली, तरव्याकडे एकदाच बघितलं आणि चालू लागली. पळणीत माघारी येता येत नाही. नदीपलीकडून फक्त बघत राहायचं.

संध्याकाळपर्यंत माटव उभे राहिले, चुली मांडल्या, आणि पाण्याची बोंब झाली. जुन्या सवयीने बायकांनी डुरे खणायला घेतले तर हातभर खाली काळा चिखल आणि त्यात खारट पाणी. गाईसुद्धा तोंड लावीना. पलीकडच्या गावच्या विहिरीवर गेलो तर तिथलीही मचूळ. टँकर बोलवावा तर त्याची वाट आमच्या गावातून, आणि पळणीत गावात टँकर कसा शिरणार? मुलं कुरकुरायला लागली. मनोहर फोन उंच धरून कातळावर उभा, कुणाला लागतो का बघत.

आणि समोर, अगदी समोर, आमच्या काठावरून राईचा व्हाळ पांढऱ्या धारेने नदीत पडत होता. एरवी बांधून अर्ध्याहून जास्त शेतात जायचा, आज सगळाच्या सगळा. हाताच्या अंतरावर गोड पाणी, आणि मध्ये वेस.

मग जी चर्चा झाली ती मी जन्मात विसरणार नाही. एक म्हणाला, "पाणी गावातला. गावातली वस्तू पळणीत चलणा नाय." दुसरा म्हणाला, "वस्तू आमी आणूक नाय. आपणहून इली." तिसऱ्याने शंका काढली, पाणी कातळाच्या अलीकडे पडलं तर कुणाचं आणि पलीकडे पडलं तर कुणाचं. इकडे तान्ह्या पोरांच्या दुधाची भांडी कोरडी, आणि हे कोर्ट भरवून बसलेले! शेवटी सगळे तात्यांकडे वळले. तात्या म्हणजे गावचे गावकर, देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. वाकलेले, कमी बोलणारे. ते बराच वेळ धारेकडे बघत राहिले.

"ढोरां इली, कोंबे इले, कुत्रे इले," तात्या म्हणाले. "तसा पाणीय पळणीक इला. आपल्या पायान इला. पिया."

झालं! सगळ्यांची तोंडं एकदम सुटली. पलीकडच्या गावच्या एका बागेत पोफळी पडलेल्या होत्या, त्या आणल्या, मधोमध चिरून पन्हळी केल्या. तरुण पोरं कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, आमच्या काठाला बोटही न लावता त्यांनी बांबूच्या घोड्यावर पन्हळीचं तोंड धारेखाली धरलं, आणि पाणी सपाट कातळावर आलं. पहिली कळशी भरली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन घोट घेतले. थंड, आणि मुळांचा किंचित तुरट वास असलेलं. लग्नानंतरच्या त्या डुऱ्याच्या पाण्याची चव मला तिथे, तशीच, परत मिळाली. डोळ्यांत पाणी आलं ते मी पदराने पुसलं आणि लगेच रांग लावायला घेतली, कारण लोक एकमेकांच्या कळशांवर कळशा आपटत होते. पोस्टाच्या खिडकीवर आयुष्य गेलेलं, रांगेत घुसणारा मला पाठमोरा ओळखू येतो. मनोहर मध्ये घुसला तर त्यालाही मागे पाठवलं. अध्यक्ष असलात तर सभेत.

मग करायला काही उरलं नाही. पळणीत दुपार फार मोठी असते. माटवाच्या सावलीत बसायचं, आणि समोर बघायचं. आपल्याच गावाकडे बाहेरून असं बघत बसायची वेळ कुणाला येते? घरं झाडांत बुडालेली, दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त राई. तिचा उंच, काळसर हिरवा माथा, त्यातून पडणारी धार, आणि धारेच्या बाजूला वयनीच्या तरव्याचा तो पोपटी तुकडा. गावात माणूस नाही म्हटल्यावर धनेश खाली उतरले. एरवी त्यांचा नुसता आवाज ऐकू यायचा, आता जोडीजोडीने चोचीत फळं धरून या फांदीवरून त्या फांदीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी धारेखालच्या खडकावर तीन उद आले. आमच्याकडे पाणमांजराला उद म्हणतात. मी लग्न झाल्यापासून ऐकत होते की नदीत उद होते, 'होते' असंच. मुंबईची पोरं श्वास रोखून उभी राहिली. ते खडकावर लोळले, एकमेकांना ढकललं आणि पाण्यात सुळकन गेले. मनोहर माझ्याशेजारी उभा होता. "लहानपणी बघलेले," एवढंच म्हणाला.

वयनी मात्र उद बघत नव्हती. ती तरवा बघत होती. पहिल्या दिवशी पोपटी होता, दुसऱ्या दिवशी कडा पिवळ्या दिसायला लागल्या. जिच्या पाण्यावर सगळा गाव चहा पीत होता तिचं शेत समोर सुकत होतं, आणि कुणाच्या ते ध्यानातही नव्हतं. मला राग आला होता. मी सांगणारही होते चारचौघांत, पण तिने माझा हात दाबला.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तात्या कळशी घेऊन कातळावर आले. तिथे वयनी होती, मी होते.

"तात्यानु," वयनी म्हणाली, "सकाळी गाऱ्हाणा घालतलात, तेवा माझ्या व्हाळाचा नाव घ्या."

तात्यांनी मान हलवली. "गाऱ्हाण्यात गावाचा सांगतत गो. एकाचा नाय."

"तीन दिस सगळो गाव पिता, तो व्हाळ माझ्या एकटीचो कसो?"

तात्यांनी कळशी भरली, तिच्याकडे बघितलं, पलीकडच्या पिवळ्या तुकड्याकडे बघितलं, आणि काही न बोलता गेले. मला वाटलं, गेलं हे. मोठी माणसं गप्प राहिली की त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो.

सकाळी सगळा गाव काठावर गोळा झाला, राईकडे तोंड करून, हात जोडून. ज्यांनी आमच्याकडचं गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांना सांगते. गावकर देवाला एकेक गोष्ट ठणठणीत आवाजात सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमाव एकमुखाने 'व्हय म्हाराजा' म्हणतो. ते 'व्हय म्हाराजा' आमच्या लोकांच्या अंगातच असतं. पाळण्यातल्या पोरांपासून ते ऐकतात. वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं.

"बा देवा म्हाराजा!" तात्यांनी सुरुवात केली. वाकलेला माणूस, पण त्या वेळी त्यांचा आवाज नदीपार जातो.

"व्हय म्हाराजा!"

"पळण पुरी करून ही तुझी लेकरां आज परत तुझ्या पायाकडे येतत..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या हातून चूक झाली असात, ती पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

"जे चाकरमानी मुंबईसून इले, तेंच्या कामाधंद्याक बरकत दी..."

"व्हय म्हाराजा!" हे मनोहरने सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

"तुझ्या रायेतल्या पाण्यान ह्या खेपेक सगळ्या गावाक जगवल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"त्या रायेच्या झाडाक आमच्यातलो कोणय कुऱ्हाड लावचो नाय, लावूक देवचो नाय..."

"व्हय म्हाराजा!"

अख्खा गाव गरजला. मनोहरसकट. आणि मग पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला. माणसं एकमेकांकडे बघू लागली. आपण काय म्हणून बसलो हे एकेकाच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. मनोहरचे हात अजून जोडलेले, तोंड उघडंच.

"तात्यानु, ह्या काय केलात?"

"मिया काय केलंय? मी सांगलंय," तात्या शांतपणे म्हणाले. "व्हय तू म्हटलंस."

"माझ्या तोंडातसून आपसूक गेला!"

"देवान आयकल्यान ता खरा."

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. मग सगळा काठ हसायला लागला, बायका पदर तोंडाशी धरून, म्हातारे गुडघ्यांवर हात मारून. मी मनोहरकडे बघत होते, हा आता चिडणार म्हणून. तो कातळावर बसला, पंच्याने तोंड पुसलं, आणि हळू म्हणाला, "बरा झाला." आणि थोड्या वेळाने, "त्या ठेकेदाराक आता काय सांगू, ह्याच सतत मनात होता. आता सांगतंय, देवासमोर शब्द गेलो."

मला तेव्हा जे कळलं ते त्याआधी कधी कळलं नव्हतं. राई तोडावी असं खरं म्हणजे कुणालाच वाटत नव्हतं. मनोहरलासुद्धा. शेजारच्या गावाचं शिखर, मुंबईतल्या लोकांपुढचा मानपान, एकदा बोललेला शब्द, देवळाच्या कामाला नाही म्हणायचा संकोच, या सगळ्यांनी मिळून ते ठरवलं होतं. वाळू अशीच गेली, डोंगर असाच गेला, कुणाच्याच मनात नसताना सगळ्यांच्या सहीने. या खेपेला त्याच सवयीने, त्याच आपोआप उघडणाऱ्या तोंडाने, उलटी सही करून टाकली. मला इतकं हलकं वाटलं की मी रांग मोडून पुढे गेले आणि तात्यांच्या पाया पडले.

मानकरी पलीकडे जाऊन कौल घेऊन आले. देवाने पहिल्याच पाकळीत परत यायला सांगितलं. गाव बोचकी आवरत होता तोवर वयनी नदी पार करून गेलीसुद्धा. मी धापा टाकत पोचले तेव्हा ती चिखलात बसून रोपांची मुळं चाचपत होती. कडा वाळल्या होत्या, आतलं जिवंत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला. मनोहर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात तीच झुडपातली कुदळ घेऊन उभा होता.

"वयनी, बांध खंय घालूचो? दाखवा."

त्याला बांध घालता येत नव्हता. माती उलट्या बाजूने ओढत होता. वयनीने त्याला दोनदा ओरडून सांगितलं, तिसऱ्यांदा कुदळ काढून घेतली आणि म्हणाली, "तुमी दगड आणा." मग आणखी चार जण आले, आणि दुपारपर्यंत पाणी परत तरव्यात शिरलं. गूळखोबरं नव्हतं, तर कुणीतरी मुलांसाठी आणलेली बिस्किटं वाटली.

सगळं काही आलबेल झालं नाही, हे सांगायला हवं. यंत्रं अजून वाळू काढतात. डोंगर अजून काजूचाच आहे, आणि पावसात नदी लाल होते. देवळाचे वासे तेवढे बदलले, नळे नवे घातले. शेजारच्या गावचं शिखर अजून आमच्यापेक्षा उंच आहे, आणि मनोहर दर गणपतीत एकदा तरी त्याच्याकडे बघून उसासा टाकतो. पण व्हाळ वैशाखातही वाहतो. वयनीच्या शेजारचे दोन तुकडे पुन्हा वायंगणाखाली आलेत, त्यातला एक मनोहरचा. त्याचं भात वाकडंतिकडं येतं, पण येतं. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला वयनी मला नव्या तांदळाचं गाठोडं पाठवते, आणि त्याचा पहिला भात शिजत असताना मी चुलीपाशी नुसती उभी राहते. ती विरारला गेली नाही. एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

संध्याकाळी फोन पुन्हा वाजला. या वेळी ती पडवीच्या कोपऱ्यात नीट उभी असावी, आवाज स्पष्ट होता. मागे गाय हंबरत होती. काय काय आणायचं ते तिने सांगितलं: घोंगडी, कंदील, तिच्यासाठी सावंतवाडीतली खाजी. मी सगळं ऐकून घेतलं. मग सकाळपासून मनात होतं ते विचारलं.

"आणि पाण्याचा काय गो? माझ्याकडे मोठे कॅन आसत, गाडयेतसून आणू?"

तिला माझा प्रश्नच कळला नव्हता बहुतेक.

"पाण्याचा काय?" ती म्हणाली. "ता येतला की आपल्यावांगडा."